दगडाला कळता कामा नये

रायपुरात पंडरी बाजाराच्या मागे मी पहिलं भाड्याचं घर घेतलं तेव्हा आमच्या लॅबच्या सरांना चहाला बोलावलं होतं. ते दारातच थांबले, शर्टाच्या खिशातून स्टीलचा चमचा काढला आणि उंबऱ्याजवळची फरशी वाजवून पाहिली. मग दुसरी. मग तिसरी. उकिडवे बसून, पुढे सरकत, कान वाकडा करत त्यांनी बैठकीची खोली संपवली, स्वयंपाकघर संपवलं, आणि जिथे जिथे आवाज पोकळ आला तिथे खडूने फुली मारली. सात फुल्या झाल्या. "सात फरश्यांखाली हवा हाये," गुडघ्यांवर हात टेकून उठत ते म्हणाले. "मिस्त्रीनं मसाला नीट भरला नाही. तुया घरमालकाले सांग." मी सांगितलं. घरमालक येऊन बघून गेला आणि म्हणाला, "मैडम, फर्श तो ठीक है, पर ये क्रॉस किसने मारे?" चहा त्यांनी उभ्यानेच घेतला. पुढे चार वर्षं त्या सात फरश्यांवर पाय पडला की मला खालची हवा आठवायची.

त्यांना बसलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. लॅबमध्ये त्यांची खुर्ची होती, पण तिच्यावर त्यांची पिशवी बसायची. ते खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. फोन आला की अंगणात जाऊन कडुनिंबाला प्रदक्षिणा. "बसा ना सर" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "बसलो का डोकं बी बसते." साठीच्या माणसाच्या पायाला अशी भिंगरी मी तरी दुसरी पाहिली नाही. त्यांच्याबरोबर दिवस काढला की माझेही पाय टेबलाखाली आपोआप हलायला लागत, आणि मला स्वतःचाच राग येई. मुळात मला शांत, बैठ्या कामाची नोकरी हवी होती. मिळालं हे.

आमचं काम काय ते सांगितलं की लोक दोन पावलं मागे सरतात. खडकात स्फोट करायचा आणि त्याचा धक्का खडकातून कसा, किती आणि कुठवर जातो ते मोजायचं. रायपूरच्या भोवती चुनखडीच्या खदानी काही कमी नाहीत, आणि प्रत्येक खदानीच्या पुढे कोणाची तरी भिंत, कोणाची तरी विहीर असतेच. किती जवळ येऊन बारूद उडवली तर चालेल, हे कोणीतरी मोजून सांगावं लागतं. त्यासाठी मोजायचं यंत्र, म्हणजे गेज, खडकाच्या पोटात हवं. म्हणून होल मारायचा, गेज तळाशी सोडायचं आणि होल बुजवायचा. बुजवायचा मसाला म्हणजे ग्राउट: सिमेंट, बारीक वाळू, चुनखडीची पूड, थोडी फुगणारी माती आणि पाणी. ग्राउट हा शब्द ते फक्त कागदावर लिहीत. तोंडाने नेहमी मसाला. खदानीतले लोक त्यांना मसाला साहेब म्हणत आणि ते ओ देत.

बुजवणं ऐकायला सोपं आहे. मीही पहिल्या आठवड्यात तसंच समजले. एम.टेक. होते, काँक्रीट शिकून आले होते, आणि आमच्या साताऱ्याकडे मजबूत म्हणजे चांगलं असं लहानपणापासून ऐकलेलं. मी असा मसाला बनवला की त्याचा ठोकळा दाबायच्या यंत्राखाली फुटता फुटेना. ठोकळा दोन्ही हातांत धरून मी त्यांच्यापुढे गेले. वाटलं, पाठीवर थाप मिळेल.

त्यांनी चमच्याने तो एकदा वाजवला. आवाज खणखणीत आला. मग शेजारचा चुनखडीचा तुकडा वाजवला. "ऐकलं का? दगड एक बोलून राहिला, तुया मसाला दुसरंच बोलून राहिला. हा दगडापेक्षा शहाणा झाला. फेक."

"पण सर, मजबूत आहे की."

"मजबूत कोणाले पाहिजे वो पोट्टी? धक्का येऊन राहिला दगडातून. मधात तुयं हे कडक ढेकूळ लागलं का तो बिचकते. मऊ लागलं तरी बिचकते. हवेचा फुगा लागला त विचारूच नको. मग गेज काय सांगन? खोटं सांगन." त्यांनी ठोकळा माझ्या हातात परत दिला. "आपण आत जाऊन आलो, हे दगडाले कळलंच नाही पाहिजे. एवढंच काम हाये आपलं. दगडाएवढंच व्हायचं, कमी नाही, जास्त नाही."

तो ठोकळा अजून लॅबच्या फाटकाला टेकू म्हणून आहे. मी येता-जाता त्याला पाय लावत असे, रागाने.

माझ्या बोलण्यावरही त्यांचा हाच आक्षेप होता. ते रायपूरच्या पुरानी बस्तीतले, घराणं कधी भोसल्यांच्या फौजेबरोबर आलं म्हणतात, किती पिढ्या झाल्या ते त्यांनाही सांगता येत नसे. घरी वऱ्हाडी ढंगाची मराठी, बाजारात हिंदी, खदानीत छत्तीसगढी, आणि तिन्हीत ते सारखेच घरचे. मी ड्रिलरशी माझ्या शाळेतल्या हिंदीत बोलायला लागले की हे तोंडावर रुमाल धरत. "तुई मराठी बी कडक अन् हिंदी बी कडक. समोरचा बिचकून राहिला, पाह्य." मी म्हटलं, मला जसं येतं तसं बोलते. "हव," ते म्हणाले, "तेच त सांगून राहिलो."

त्यांच्या घरी मी दोनदा-तीनदा जेवले. काकू म्हणजे बोलका झरा. "आमच्या लग्नाच्या बैठकीत यांनी काय केलं माहीत हाये का? उठले अन् आमच्या पडवीचा खांब वाजवून पाह्यला. माझ्या बाबानं आईले हळूच विचारलं, पोट्टा ठीक हाये ना?" हे सांगताना काकू हसून हसून पदराने डोळे पुसत. ते त्या वेळी स्वयंपाकघरात उभे राहून कलिंगड वाजवत होते. चमचा काकूंच्या लग्नातल्या डझनातला होता. अकराच उरले म्हणून त्या अजून कुरकुरत.

चहाच्या टपरीवर ते चहावाल्याच्या हाताकडे डोळे लावून उभे राहत. "पाणी नको मारू." दुधवाल्याला तेच. मिस्त्रींना तर रस्त्यात थांबवून. त्यांच्या मते या दुनियेत जेवढं म्हणून वाकडं होतं ते शेवटच्या मगभर पाण्याने होतं. मसाला घट्ट झाला, नळीतून उतरेना, ऊन तापलंय, कंटाळा आलाय, की माणसाचा हात मगाकडे जातो. पाणी मारलं की मसाला शहाण्या मुलासारखा खाली उतरतो. आणि मग रात्रभरात पाणी वर येतं, मसाला खाली बसतो, मध्ये पोकळी राहते. आमच्याकडे पाणी किराणा दुकानातल्यासारख्या काट्यावर तोलून घेतलं जाई. घट्ट झालेला मसाला फेकून नवा कालवायचा, हा नियम होता. नियम मला पाठ होता.

आता त्यांच्या वहीबद्दल. कारण सगळं त्या वहीपाशीच येऊन थांबतं.

लांबट, जाड पुठ्ठ्याची वही. प्रत्येक होलची एक ओळ. तारीख, खोली, कोणत्या पिशव्या, किती पाणी, भरला कोणी, आणि शेवटचा रकाना: चूक. हा रकाना मोकळा ठेवायचा नाही. भरणाऱ्याने स्वतःच्या हाताने लिहायचा, त्याच दिवशी. "होल भरला अन् चूक झाली नाही, असा होल मी आजपर्यंत पाह्यला नाही," ते म्हणत. "'काही नाही' लिहिणारा एक त आंधळा हाये, नाही त लबाड." त्यांच्या स्वतःच्या नोंदी मी चोरून वाचायची, करमणूक म्हणून. नळी वीतभर लवकर ओढली. वाऱ्यात पिशवी उघडी राहिली. भरताना फोन घेतला. एका ठिकाणी नुसतं: मन थाऱ्यावर नव्हतं. दुसरा नियम, वहीत खोडायचं नाही. चुकीचं लिहिलं असलं तर त्याच्याखाली बरोबर लिहायचं, वरचं तसंच राहू द्यायचं. तेव्हा मला हा सगळा म्हातारचळ वाटायचा.

ते काम आलं त्या वर्षी मी लॅबमध्ये जुनी झाले होते. बीरगांवच्या पलीकडे, बऱ्याच आत, एक खदान गावाच्या तळ्याकडे सरकत होती. तळ्याला तिकडे तरिया म्हणतात आणि त्याच्या मातीच्या बांधाला पार. गाव त्याच तरियावर आंघोळ करतं, गुरं पाजतं, खालची शेतं भिजवतं. खदानीला पारच्या अगदी जवळपर्यंत दगड काढायचा होता. आमच्या मोजणीवर ठरणार होतं की तो काढता येईल की नाही. गावची सरपंच पन्नाशीतली बाई होती, हातात कायम छत्री, ऊन असो नसो. पहिल्याच दिवशी ती सरांपुढे येऊन उभी राहिली. "साहेब, बारूद ले पार फूट जाही त हमन काला पूछबो?" पार फुटली तर आम्ही कोणाला विचारायचं, एवढाच तिचा प्रश्न. सर म्हणाले, "मोला पूछबे दाई." मला विचार. आणि लगेच चालायला लागले.

चार होल होते, स्फोटाच्या जागेपासून एकेक लांब. तिसरा बरोबर पारच्या पायथ्याशी. तोच खरा. बाकीचे तीन त्याच्या साक्षीला. सकाळी दोन त्यांनी भरले, मी हाताखाली. मग तिसऱ्यापाशी येऊन त्यांनी नळी माझ्या हातात दिली.

"तू भर."

मी नळी दोन्ही हातांनी धरली. चार वर्षांत त्यांनी मुख्य होल कोणाला भरू दिला नव्हता.

"मी जातो तिकडं पारवर. इथं उभा राह्यलो त तुया हातातून नळी हिसकून घेईन, मले माहीत हाये." आणि ते गेले. मे महिना, दुपारचे बारा. पारवर त्यांची पांढरी टोपी या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. एकदाही त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं नाही. तसं ठरवूनच गेले असणार.

गेज सोडताना तार अडकली. ती सोडवण्यात वेळ गेला. तोवर बादलीतला मसाला उन्हाने घट्ट होत चालला. नळी तळाला टेकवून भरायला घेतलं तर निम्म्यावर येऊन तो उतरेना. नवा कालवायचा तर पिशव्या गाडीत, गाडी खदानीच्या फाटकावर, आणि तोपर्यंत अर्धा भरलेला होल तसाच. शिवाय पहिल्यांदा हातात नळी दिली आणि हिने कालवलेला घाणा फेकून दिला, हे ऐकावं लागलं असतं. ड्रिलर शेजारी उभा होता. जुना, अनुभवी माणूस. तो सहज म्हणाला, "थोरकिन पानी डार दव मैडम, उतर जाही." थोडं पाणी टाका, उतरेल.

मी पारकडे पाहिलं. टोपी पाठमोरी होती. मी बादलीत एक मग पाणी ओतलं. हलवलं. अजून एक ओतलं. मसाला सरसरून खाली गेला. सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू.

ते परत आले, होलच्या तोंडाशी आलेला ओला मसाला अंगठ्याने दाबून पाहिला आणि अंगठा रुमालाला पुसला. ड्रिलरने रिवाजाप्रमाणे बादलीच्या तळातला उरलेला मसाला चहाच्या कागदी कपात भरून त्यावर तीनचा आकडा घातला. प्रत्येक होलचा असा एक कप लॅबच्या खिडकीत ठेवायचा असे. मला त्या कपाची आठवणसुद्धा झाली नाही. त्यांनी वही पुढे केली. मी नाव लिहिलं, पाणी लिहिलं, काट्यावर तोललेलं तेवढंच, आणि चुकीच्या रकान्यात लिहिलं: काही नाही.

त्यांनी वाचलं. चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. वही मिटली.

मसाला दगडाएवढा व्हायला दिवस लागतात. ते दिवस मला आठवले तरी आजही अंग खाजतं. ते रोज सकाळी आल्या आल्या खिडकीतले चार कप चमच्याने वाजवत. टक्, टक्, मग जरा थांबून तिसरा, मग चौथा. चोराच्या मनात चांदणं, त्यामुळे मला तिसऱ्या कपाच्या आधीचं ते थांबणं दिवसेंदिवस लांबत चाललंय असं वाटायचं. मी टेबलावरून उठून पाणी प्यायला जायची. जेवण जाईना. घरी फरशीवरच्या पुसट फुल्या चुकवत चालायला लागले. स्वतःला सांगायची, दोनच मग तर होते. कितीतरी मिस्त्री डबे ओततात आणि घरं उभी राहतातच की.

स्फोट झाला. लाल झेंडे, भोंगा, सगळे लांब. पायाखाली जमीन एकदा हलली आणि कावळे उडाले. पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या होलचे आकडे जागच्या जागी. तिसऱ्याचा फारच खाली. चौथा त्याच्याही पलीकडे, पण त्याच्यापेक्षा जास्त दाखवत होता. खदानीचा मॅनेजर मात्र खूश. "देखा सर, पार को तो पता भी नहीं चला." सरपंचबाई छत्री मिटून माझ्याजवळ आली. "बने आइस का मैडम?" चांगलं आलं का? मी मान हलवली. हो म्हणाले नाही, नुसती मान हलवली, जसा त्याने फरक पडतो.

रिपोर्टवर सर सही करीनात. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. मॅनेजरचे फोन. आमच्या डायरेक्टरची चिडचिड, त्यांचं म्हणणं सोपं होतं: तिसरा होल गडबड वाटतोय तर सोडून द्या, बाकीच्या तिनांवर रिपोर्ट करा. सर म्हणाले, "जो सोडायचा तोच त पारखाली हाये." सरांची नोकरी दर वर्षी नव्याने लिहून मिळायची, निवृत्तीनंतरची, आणि तो कागद त्याच महिन्यात डायरेक्टरच्या टेबलावर पडून होता. हे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ते खिडकी ते दार करत राहिले. डायरेक्टरशी बोलतानाही.

शेवटी मीच फुटले. दुपारची वेळ, खोलीत आम्ही दोघेच. "सर, तुम्ही सही का करत नाही? सगळे मला विचारतात."

ते खिडकीशी गेले, तिसरा कप उचलला. त्याचा कागद त्यांनी कधीच सोलून ठेवला होता. तो आणि चमचा माझ्यापुढे ठेवला. "वाजव."

मी वाजवला. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला. वरचा पापुद्रा चमच्याला लागून खाली पडला.

"दोन मग," मी म्हणाले. "घट्ट झाला होता. मी दोन मग पाणी टाकलं." आणि रडायलाच लागले. इतके दिवस अडवलेलं सगळं आलं.

"मले माहीत हाये. तिसऱ्या दिवशीच समजलं."

"मग बोलला का नाही? इतके दिवस माझा जीव टांगणीला! सरळ शिव्या द्यायच्या होत्या!" मी त्यांच्यावर ओरडले. चूक माझी आणि ओरडले त्यांच्यावर.

ते थांबले. म्हणजे खरोखर चालायचे थांबले. "मी बोललो असतो त मी तुले पकडलं असं झालं असतं. तो रकाना तुया हाये. मी कसा भरू? रोज वाट पाहून राहिलो होतो, पोट्टी आज लिहिन, उद्या लिहिन. बाप्पा, मलेच झोप नाही." मग पिशवी खुर्चीवरून उचलली, वही काढली आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली. मी त्यांच्या खुर्चीवर बसून "काही नाही"च्या खाली लिहिलं: दोन मग पाणी. मी.

त्याच संध्याकाळी त्यांनी खदानीला पत्र लिहिलं की तिसऱ्या होलचा आकडा धरू नये, होल पुन्हा मारून मोजणी पुन्हा करावी, दोष आमच्या मसाल्याचा. पत्र डायरेक्टरने दाबून ठेवलं असतं. म्हणून त्याची एक प्रत घेऊन ते दुसऱ्या दिवशी बसने त्या गावी गेले आणि सरपंचबाईच्या हातात दिली. तिने पंचायतीत ती मोठ्याने वाचून घेतली. मग दाबण्यासारखं काही उरलं नाही.

होल पुन्हा मारला. तो मात्र त्यांनी स्वतः भरला, मी बादली धरली. स्फोट झाला. आकडा चौथ्यापेक्षा चांगलाच वर आला, जिथे यायला हवा होता तिथे. आणि तो पारला सोसणारा नव्हता. खदानीला मागे राहावं लागलं. सरपंचबाईने आम्हा दोघांना तिच्या ओसरीवर बसवून चहा पाजला. ते बसले होते, मला पक्कं आठवतं, पाय हलवत, पण बसले होते. निघताना ती म्हणाली, "साहेब, मैं तोला पूछे रहेंव, तैं बताय." मी तुला विचारलं होतं, तू सांगितलंस. त्यांनी उगाच तिच्या ओसरीचा खांब चमच्याने वाजवून पाहिला.

त्या खदानीने आम्हाला पुन्हा काम दिलं नाही. डायरेक्टरने त्यांचा कागद पुन्हा लिहिला नाही. माझी नोकरी राहिली. पत्रात माझं नाव नव्हतं, "आमच्या मसाल्याचा" एवढंच होतं. शेवटच्या दिवशी त्यांनी वही पिशवीत घातली आणि म्हणाले, ही माझ्या पैशाची हाये, लॅबची नाही. मी म्हटलं, चमचा तरी ठेवून जा आठवण म्हणून. "चमचा काकूचा हाये वो. बाराचे अकरा झाले म्हणून अजून बोलते." आणि फाटकाशी माझ्या त्या शहाण्या ठोकळ्याला बाजूला सारून, परत जागेवर नीट ठेवून, ते गेले.

मी त्यांच्याकडे जायचं टाळत गेले. सुरुवातीला महिन्यातून एकदा, मग सणाला, मग फोन. पुरानी बस्तीकडे स्कूटर वळली की मला दोन मग आठवायचे. ते कधी त्याबद्दल बोलले नाहीत आणि मला तेच सहन होत नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते गेले. मी तेराव्याला गेले तेव्हा काकूंनी आतून वही आणून दिली. "तुलेच द्याले सांगितलं होतं," म्हणाल्या. चमचा त्यांनी परत डझनात ठेवला होता. "आता बारा हायेत," म्हणाल्या, आणि त्यांनी चमचे मला एकेक करून मोजून दाखवले.

वही मी घरी येऊन उघडली. ते पान शोधावं लागलं नाही, आपोआपच उघडलं. होल नंबर तीन. काही नाही. त्याखाली माझं: दोन मग पाणी. मी. आणि त्याखाली त्यांच्या बारीक पेन्सिलीत आणखी एक ओळ, कधी लिहिली कोण जाणे:

पोट्टीले उन्हात एकटं सोडलं. मी.

मला इतका राग आला की वही भिंतीवर फेकावीशी वाटली. अहो, तुम्ही सोडलं नव्हतं. तुम्ही विश्वास टाकला होता, आणि मी तो पाण्यात घातला. आख्ख्या वहीत मला न पटलेली ही एकच नोंद आहे. खोडायला पेनसुद्धा उचललं. पण वहीत खोडायचं नाही, हा नियम त्यांचाच. मी पेन हातात घेऊन त्या रात्री घरभर चकरा मारल्या, खिडकी ते दार.

आता मोठे होल माझ्याकडे असतात. गेल्या महिन्यात तिल्द्याच्या बाजूला एका खदानीत काम होतं. माझी सहकारी, दोन मुलांची आई, हुशार आणि घाईची, पहिल्यांदाच मुख्य होल भरणार होती. ऊन डोक्यावर. मी नळी तिच्या हातात दिली आणि तोंडातून निघालंच, "तू भर. मी जाते तिकडे, नाहीतर हिसकून घेईन." आणि वळले. दोन पावलं टाकलीसुद्धा.

मग परत आले. गाडीतून छत्री मागवली आणि दोन्ही हातांनी तिच्यावर आणि बादलीवर धरून उभी राहिले. हात तसेच अडकवून ठेवले, कारण ते नळीकडे जात होते. एकदा मसाला घट्ट व्हायला लागला तेव्हा तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "फेक. नवा कालवू." होल भरेपर्यंत मी जागची हलले नाही. पाय शिवशिवत होते, तरी नाही.

संध्याकाळी तिने सरांच्याच वहीत तिची चूक लिहिली, पहिला घाणा उन्हात ठेवला अशी काहीतरी. मग मी वही माझ्याकडे ओढून तिच्या ओळीखाली लिहिलं:

दोन पावलं निघून गेले होते. मी.